रॅमभाऊ

कुणाच्याही घरी गेलं की माणसं आधी घरातल्या माणसांकडे बघतात. रॅमभाऊ टेबलाखाली बघतात. यजमान 'या, बसा' म्हणेपर्यंत ते गुडघ्यांवर टेकलेले असतात, एक कान सीपीयूच्या डब्याला लागलेला असतो आणि निदान झालेलं असतं. "धूळ लय हाये वहिनी. कवा उघडला होता शेवटचा?" वहिनींनी तो डबा कधीच उघडलेला नसतो, तो उघडायचा असतो हेच त्यांना आत्ता कळतं. त्या चहाचं बघायला आत जातात. परत येईपर्यंत डब्याची एक बाजू सोफ्याला टेकवून ठेवलेली असते, स्क्रू चहासाठी काढलेल्या बशीत असतात, आणि भाऊंना आपण जेवायला बोलावलं होतं की दुरुस्तीला, हे यजमानांनाही आठवेनासं होतं.

असा एक माणूस प्रत्येक वस्तीत असतो. लोहाऱ्यातला हा. यवतमाळहून दारव्हा रोडला लागलं की एमआयडीसी, डेनिमचा मोठा कारखाना, दर्डा इंजिनिअरिंग कॉलेज, आणि कॉलेजच्या पोरांना खोल्या देता याव्यात म्हणून वर एकेक मजला चढवलेली घरं. या घरांत, दुकानांत, झेरॉक्सच्या टपऱ्यांत जितके म्हणून जुने कॉम्प्युटर आहेत, त्यातला एकही भाऊंच्या हातून सुटलेला नाही. ते स्वतः एमआयडीसीत शिफ्टला जातात. तिथे त्यांचं काम नेमकं काय, हे फारसं कुणाला ठाऊक नाही. शिफ्ट कधी सुटते हे मात्र सगळ्यांना पाठ आहे. ज्यांचा कॉम्प्युटर बंद आहे ते वाट बघतात. ज्यांचा चालू आहे ते दार लावून घेतात.

नाव त्यांचं वेगळंच आहे. २००१ साली विंडोज एक्सपी आलं तेव्हा १२८ एमबी रॅम पुरेल असं मायक्रोसॉफ्टचं म्हणणं होतं. ती पुरत नाही, हे लोहाऱ्यात पहिल्यांदा भाऊंनी ओळखलं. नागपूरला बर्डीवर जाऊन ते रॅमच्या पट्ट्या आणायचे आणि घरोघर बसवून द्यायचे. तेव्हापासून ते रॅमभाऊ. आता लग्नपत्रिकेच्या पाकिटावरही 'श्री. रॅमभाऊ' असंच येतं, आणि ते ती चूक काढत नाहीत.

त्यांची हत्यारं दोन: एक स्क्रूड्रायव्हर आणि एक खोडरबर. रॅमची पट्टी काढायची, तिची सोनेरी कड खोडरबराने घासायची आणि परत दाबून बसवायची, हा पहिला उपचार. निम्मी दुखणी त्यानेच बरी होतात, हे त्यांच्या विरोधकांनीही मानलं आहे. प्रत्येक दुरुस्तीनंतर एक स्क्रू उरतो. "कंपनी जास्तीचे देते," म्हणून तो खिशात जातो. 'मले माहीत नाई' हे वाक्य त्यांच्या तोंडून आजवर कुणी ऐकलेलं नाही. त्याऐवजी ते 'पाहून घेऊ' म्हणतात. तुटक 'पाहून घेऊ' म्हणजे हे त्यांना येतं. लांबवलेला 'पाहूऊन घेऊ' म्हणजे रात्री यूट्यूब बघावं लागेल. आणि डब्यावर हात ठेवून, मान खाली घालून म्हटलेला 'पाहून घेऊ' म्हणजे डबा आता त्यांच्या घरी जाणार. हा तिसरा ऐकला की घरातल्या बाया माणूस दवाखान्यात भरती केल्यागत गप्प होतात.

पैसे ते घेत नाहीत, आणि खरी अडचण तीच आहे. पैसे घेणाऱ्या मेकॅनिकला आपण 'कधी देता?' असं दरडावून विचारू शकतो. फुकट करणाऱ्याला चहा द्यावा लागतो. डबा आठवडाभर उघडा पडला तरी 'राहू द्या भाऊ, घाई नाही' हेच म्हणावं लागतं. बरं, त्यांना घाई नसतेच. पहिल्या झटक्यात सुरू झालेला कॉम्प्युटर पाहून त्यांचा चेहरा उतरतो; एवढ्यासाठी का बोलावलं, असं त्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं. बिघाड लपून बसला, सापडेना झाला, की त्यांच्या अंगात वारं येतं, जेवण राहतं, बायकोचे फोन वाजत राहतात.

गेल्या काही वर्षांत रॅम मागे पडली आणि भाऊंच्या तोंडी एसएसडी बसली. कॉम्प्युटर हळू चालतो? एसएसडी टाका. हँग होतो? एसएसडी. पोरगं अभ्यास करत नाही म्हटलं तरी ते क्षणभर विचार करतात. पण या बाबतीत त्यांचं म्हणणं पक्कं आहे. जुन्या हार्ड डिस्कच्या तबकड्या मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेतात. एका फेरीला ८.३ मिलिसेकंद. हवी ती माहिती हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, शिवाय ते हेड आडवं सरकून जागेवर यायला आणखी आठ-दहा मिलिसेकंद. म्हणजे सेकंदाला फार तर शंभरेक बारक्या फायली. विंडोज उठताना अशा हजारो मागतं. एसएसडीत फिरणारं, सरकणारं काहीच नाही. चिपमधून उत्तर मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शात येतं.

हे सगळं भाऊ एका वाक्यात सांगतात. "हार्ड डिस्क म्हंजे आपली शकुंतला. मूर्तिजापूरले नेते, नाई असं नाई. पण मंधात लोकं उतरून चहा पिऊन परत चढते." यवतमाळ ते मूर्तिजापूर ही नॅरोगेज गाडी १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर होती. तीत बसलेल्या म्हाताऱ्यांना एसएसडी लगेच कळते. कॉलेजच्या पोरांना आधी शकुंतला समजावून सांगावी लागते. श्रोता चांगला मिळाला तर भाऊ १९५६ सालापर्यंत मागे जातात. त्या साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, तिच्यात २४ इंची ५० तबकड्या होत्या, आणि सगळ्या मिळून चार एमबीसुद्धा भरत नव्हत्या. ज्या यंत्रात ती बसवली त्याचं नाव रॅमॅक होतं. हे नाव उच्चारताना भाऊंचा स्वर घराण्याच्या मूळ पुरुषाचा उल्लेख करावा असा होतो.

त्यांची कीर्ती ज्या प्रकरणाने वाढली आणि गेली, ते २०२५च्या वैशाखातलं. रोडवर एका वहिनींचं दुकान आहे: झेरॉक्स, सातबारा, परीक्षेचे फॉर्म, आणि हंगामात लग्नपत्रिका. कॉम्प्युटर २०११च्या दिवाळीचा. दुसऱ्या पिढीचा आय-थ्री, एच-६१ चिपसेटचा बोर्ड, ५०० जीबीची हार्ड डिस्क. त्याच सुमारास थायलंडात पूर येऊन हार्ड डिस्कचे कारखाने पाण्यात गेले आणि पुढे काही महिने डिस्क महागल्या. भाव चढायच्या आधी आपण घेतला, हे वहिनींचे यजमान अजून सांगतात. आत पेजमेकर, श्री-लिपी, कृतिदेव, आणि चौदा वर्षांत जमवलेले नाना आकाराचे गणपती. त्यामुळे वहिनींची अट एकच: विंडोज मारायची नाही. जे आहे ते जसंच्या तसं नव्या डिस्कवर जायला पाहिजे.

म्हणजे क्लोन. पाचशेची डिस्क दोनशे चाळीसच्या एसएसडीत मावणार नाही, म्हणून ठरलं की सी ड्राइव्ह तेवढा एसएसडीवर जाईल आणि डी, म्हणजे बॅनरं आणि जुन्या पत्रिका, जुन्याच डिस्कवर राहील. एसएसडीला डब्यात बसायला जागा नव्हती. ती अडीच इंची, खण साडेतीन इंची. भाऊंनी ती डबल टेपने चिकटवली. काम रात्रभर चाललं. सकाळी वहिनींनी विचारलं, "मंग जुन्या डिस्कवरचा सी पुसून टाकाचा का?"

"राहू द्या वहिनी. बॅकअप हाये."

या वाक्याकडे तेव्हा कुणाचं लक्ष गेलं नाही.

उद्घाटनाला बरीच माणसं जमली. भाऊंनी मोबाइलमधलं स्टॉपवॉच लावलं आणि बटण दाबलं. "पाहा, पाहा, कसं सट्टदिशी आलं!" सगळ्यांनी पाहिलं. सगळ्यांना सट्टदिशी दिसलं. स्टॉपवॉच बंद करायचं मात्र राहून गेलं. वहिनींचे सासरे, ज्यांना सगळी गल्ली मामाजी म्हणते, त्यांनी माउसही हलका झाल्याचं सांगितलं. शेजारच्या हार्डवेअरवाल्याने प्रिंटरचा आवाज बदलल्याची साक्ष दिली. त्या दोन-तीन दिवसांत लोहाऱ्यात एसएसडीच्या आणखी ऑर्डरी नोंदल्या गेल्या.

मग प्रोजेक्ट रिपोर्ट छापायला इंजिनिअरिंगचं एक पोट्टं आलं. प्रिंट निघेपर्यंत चाळा म्हणून त्याने टास्क मॅनेजर उघडला. "काका, सी ड्राइव्ह त अजून हार्ड डिस्कवरूनच चालून रायला." डिस्क शून्य, एचडीडी, शंभर टक्के. खाली एसएसडी, शून्य टक्के. टेपने चिकटवल्यापासून तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

भाऊ डगमगले नाहीत. "मुद्दाम ठेवली. नवीन डिस्क हाये. पह्यले दोन-तीन दिवस तिले रुळू द्या लागते."

क्लोन झाल्यावर जुन्या डिस्कची वायर काढून एकदा फक्त नवीवर चालू करून बघायचं, हा या कामातला पहिला नियम. भाऊंना तो माहीत आहे. दुसऱ्यांना ते तो बजावून सांगतात. स्वतः पाळणं म्हणजे स्वतःवरच संशय घेणं झालं असतं.

पोट्टं गेल्यावर भाऊ डिलीटचं बटण दाबून बायोसमध्ये शिरले. बूट ऑर्डरमध्ये एसएसडी वर घेतली. तिथेच साटा मोडपुढे 'आयडीई' लिहिलेलं दिसलं. एसएसडी 'एएचसीआय'वर जास्त चांगली चालते, म्हणून तेही बदललं, आणि विंडोजने निळा पडदा लावून 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणून हात वर केले. जे विंडोज आयडीईवर वाढलं त्याला एकदम दुसरी रीत दाखवली की ते असंच करतं. त्याला आधी सेफ मोडमध्ये उठायला सांगून मग बायोस बदलायचा असतो. भाऊंनी लांबवलेला 'पाहूऊन घेऊ' म्हटला आणि दुसऱ्या दिवशी ते बरोबर जमवून दाखवलं. इथे त्यांना पूर्ण गुण द्यायला हवेत. भल्याभल्यांनी या टप्प्यावर विंडोज मारलेली आहे.

आता कॉम्प्युटर खरोखर पळू लागला. खोक्यावर सेकंदाला ५५० एमबी लिहिलं होतं, मिळत होते पावणेतीनशे, कारण एच-६१ बोर्डाच्या साटाची धाव तेवढीच. भाऊंना ते फार लागलं. "अर्धा स्पीड बोर्डात अडकला," असं ते ज्याला त्याला सांगत. रोजच्या कामात त्याने काही अडत नाही. बारक्या फायलींना तेवढा रुंद रस्ता लागतच नाही. खरी पंचाईत वेगळीच झाली. आश्चर्य करायची सगळी हौस लोकांनी खोट्या वेगावर उधळून टाकली होती. मामाजींनी नवा वेग पाहिला आणि म्हणाले, "मंग? असं त पह्यलेच होतं न."

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी दुकान उघडलं, कॉम्प्युटर लावला, आणि तो पूर्वीसारखाच रखडत उठला. तेवढ्यावर भागलं नाही. दिग्रसच्या एका पार्टीने आदल्या दिवशी पत्रिकेतला गोरज मुहूर्त काढून सकाळचा ११ वाजून ४५ मिनिटांचा टाकायला लावला होता. पत्रिका उघडली तर तिच्यात गोरजच. भाऊंना फोन गेला. ते आले, बायोसमध्ये जाऊन दोन ओळी नीट केल्या, डब्यातली वायर काढून पुन्हा खोचली. कॉम्प्युटर सट्टदिशी उठला, मुहूर्तही पावणेबारावर आला. "वायर लूज होती," भाऊ म्हणाले.

त्यानंतरच्या सकाळी परत गोरज.

मग रोजचा क्रम ठरला. भाऊ दोन कामं करायचे. एक म्हणजे बायोसमधल्या त्या दोन ओळी बदलायचे. हे त्यांच्या लेखी काम नव्हतंच, हात धुण्याइतकी सवय होती. दुसरं म्हणजे त्या दिवसाचा उपचार. एका दिवशी रॅमला खोडरबर. एका दिवशी गर्मी: बाहेर ४४ अंश होतं, म्हणून कूलरचं तोंड गिऱ्हाइकांकडून काढून डब्याकडे वळवलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी कूलरची ओली हवा बाधते म्हणून ते परत गिऱ्हाइकांकडे. रविवारी अर्थिंग. उपचार झाला की कॉम्प्युटर दिवसभर ठणठणीत. यश रोज उपचाराच्या नावावर जमा व्हायचं, आणि रोज सकाळी दिग्रसचं लग्न संध्याकाळवर जायचं. सोमवारी मात्र कॉम्प्युटर पहिल्यांदा आपणहून बरोबर उठला. भाऊंनी अर्थिंगचा विजय जाहीर केला, आणि गल्लीतल्या दोन घरांच्या अर्थिंगची तपासणीही करून आले. मंगळवारी गोरज.

वहिनी इतके दिवस बघत होत्या.

"भाऊ, एक विचारू का?"

"विचारा न."

"हा रोज सकाळी एक जानेवारी २०११ कायले दाखवते?"

"तो टाइम हाये वहिनी. टाइमचं काही नसते. कोपऱ्यात जाऊन बदलवून टाका."

"ते त मी दोन वर्षांपासून रोजच बदलवते. नाई त साइट उघडत नाई, तुमचं घड्याळ मागे हाये म्हणते. पण मी काय म्हणते, रविवारी मामाजी दारव्ह्याले लग्नाले गेले होते. रातच्याले मेन स्विच कोणी बंदच केला नाई. सोमवारी बरोबर चालू झाला."

भाऊंचा स्क्रूड्रायव्हर हवेतच राहिला.

बायोसच्या खुणा बोर्डावरच्या रुपयाएवढ्या सेलच्या जिवावर टिकतात. सीआर २०३२, तीन व्होल्ट. भिंतीतला करंट चालू असेल तर बोर्डाचं त्यावर भागतं, सेलला काम पडत नाही. मामाजी रोज दुकान वाढवताना मेन स्विच खाली पाडायचे. तीस वर्षांची सवय, आणि वीजबिलाच्या दृष्टीने चांगलीच. मग सगळा भार सेलवर. तो सेल कॉम्प्युटरइतकाच जुना आणि दोन वर्षांपासून मेलेला. म्हणजे रोज रात्री बोर्डाला सगळ्याचा विसर पडायचा: साल २०११, साटा आयडीई, आणि बूट ऑर्डरमध्ये पहिली जुनी हार्ड डिस्क. एसएसडीच्या आधीही बोर्ड रोज विसरतच होता, पण तेव्हा कारखान्यातून आलेली मांडणी आणि लागणारी मांडणी एकच होती, म्हणून फक्त घड्याळ चुकायचं. आता जुन्या डिस्कवर 'बॅकअप' म्हणून राखलेला तो जुना सी रोज सकाळी सुखाने उठून कामाला लागत होता. एकाच डब्यात दोन विंडोज, दोन पेजमेकर, आणि एका नवरा-नवरीचे दोन मुहूर्त. सकाळी भाऊ येण्याआधी वहिनींनी केलेली कामं दुपारी का सापडत नव्हती, तेही मग उलगडलं. ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर केलेली होती, एवढंच की तो त्याच डब्यात होता.

दत्त चौकातल्या घड्याळवाल्याकडून वहिनींचा मुलगा सेल घेऊन आला. पन्नासची नोट नेली होती, सुटे परत आले. भाऊंनी तो बसवला, पण त्यांचं मन लागेना. एवढ्या मोठ्या प्रकरणाचा शेवट एवढ्याशा चकतीत व्हावा, हे त्यांना पटत नव्हतं. त्यांनी टॉर्च लावून बोर्डावरचे कपॅसिटर फुगलेत का बघितलं. एकही फुगलेला नव्हता.

"आता तो जुना सी पुसा," वहिनी म्हणाल्या.

"राहू द्या न, बॅकअ..."

"पुसा."

त्यांनी पुसला. स्वतःच्या हाताने, आणि तेही काही न उघडता.

तेव्हापासून तो कॉम्प्युटर बिनबोभाट चालू आहे, त्यामुळे भाऊ दुकानावरून जाताना आत बघत नाहीत. ऑक्टोबरात मात्र त्यांच्या आशा पालवल्या. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा मोफत सांभाळ संपला, आणि विंडोज ११ दुसऱ्या पिढीच्या आय-थ्रीला दारात उभं करत नाही. भाऊ पेनड्राइव्ह घेऊन आले. मागच्या दाराने ते आत कसं शिरवता येतं, हे त्यांनी उभ्या उभ्या समजावलं. वहिनींनी ऐकून घेतलं, चहा पाजला, आणि गणपतीचं चित्र लावलेलं एक स्टिकर सीपीयूच्या डब्याच्या नेमक्या सांध्यावर चिकटवलं. देवाला फाडून डबा उघडण्याइतका हा माणूस निर्ढावलेला नाही, हा त्यांचा अंदाज आतापर्यंत खरा ठरला आहे.

परवा रॅमभाऊंची बायको दुकानात आली होती. पोरीच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा होता, शेवटची तारीख होती.

"घरी कॉम्प्युटर नाई का?" वहिनींनी विचारलं.

"हायेत न. सहा."

"मंग?"

"सहाही अपग्रेड होऊन रायले." तिने फॉर्मचे पैसे काउंटरवर ठेवले, बाहेर एकदा रोडवर नजर टाकली. "त्यायले सांगू नोका मी आलती म्हणून. नाई त हाही उघडून ठेवतीन."